फोनच्या नेटवर लॅपटॉप कसा चालवायचा: पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पुण्यात खोली मिळते, मेसचा डबाही लागतो. खोलीत ब्रॉडबँड यायला मात्र वेळ लागतो. घरमालक म्हणतात, "सोसायटीला विचारा." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "मालकांचं पत्र आणा." सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला तर स्वतःच्या नावावर कनेक्शन घेण्यात अर्थच वाटत नाही, पुढच्या वर्षी आपण त्याच खोलीत असू याची खात्री कुणाला? हिंजवडीत नोकरीला लागलेल्याच्या हातात कंपनीचा लॅपटॉप पडतो आणि दुसऱ्या दिवशी "आज घरूनच लॉगिन करा" असा मेल येतो. या सगळ्यांना मधल्या काळात खिशातला फोनच मोडेम म्हणून वापरावा लागतो. काहींना तो कायमचाही पुरतो.

फोन लॅपटॉपला जोडणं दोन मिनिटांचं काम आहे. नवख्या माणसाची फजिती तिथे होत नाही. ती होते जोडल्यावर तासाभरात, जेव्हा 'आजचा ९० टक्के डेटा वापरून झाला' असा मेसेज येतो आणि आपण तर जेमतेम दोन मेल पाठवलेले असतात. नेट मोजून मिळतंय हे फोनला ठाऊक असतं, म्हणून तो जपून वागतो. लॅपटॉपला त्याचा पत्ताच नसतो. वाय-फाय दिसलं की त्याला ते घरचंच वाटतं आणि आठवडाभर साठलेले अपडेट, ड्राइव्हवरच्या फायली, फोटो असं सगळं तो एकदम उतरवायला घेतो. म्हणून जोडण्याआधी लॅपटॉपला आवरा. लेखातला क्रमही तसाच ठेवला आहे.

आधी रिचार्ज बघा

आपल्याकडचे बरेचसे प्रीपेड पॅक रोजच्या हिशेबाचे असतात, दिवसाला दीड किंवा दोन जीबी. रात्री बाराला नवा कोटा सुरू होतो, आदल्या दिवशीचा उरलेला बुडतो. कोटा संपला की नेट पूर्ण बंद पडत नाही, वेग उतरून बहुतेक पॅकमध्ये ६४ केबीपीएसवर येतो. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबीची फाइल उतरायला दोन मिनिटांहून जास्त. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पोचलो' एवढं जाईल, पण परीक्षेच्या फॉर्मची साइट उघडणार नाही. आणि फॉर्मच्या शेवटच्या तारखेला ही अडचण हमखास येते, कारण नवा कोटा बाराला मिळतो आणि साइट ११:५९ ला बंद होते. अशा दिवशी एखादं छोटं डेटा व्हाउचर दुपारीच मारून ठेवावं.

पॅकवर 'अनलिमिटेड फाइव्ह-जी' लिहिलेलं असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, ही सवलत फोन खरोखर फाइव्ह-जीवर असेल तेवढ्या वेळापुरतीच असते. टेबलाशी बसल्यावर फोन फोर-जीवर घसरला तर डेटा रोजच्या कोट्यातूनच कापला जातो, आणि फोनच्या वरच्या पट्टीकडे आपलं लक्ष नसतं. दुसरं, अटी. हॉटस्पॉटबद्दल आणि महिन्याच्या एकूण वापराबद्दल त्यात काय लिहिलंय ते कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शोधून वाचा. दुकानातल्या मुलाने तोंडी सांगितलेलं धरू नका.

कोणत्या कामाला किती डेटा लागतो याचा ढोबळ अंदाज हवा. मेल, बातम्या, पीडीएफ वाचणं यात दीड जीबी दिवसभर आरामात पुरतो. नुसत्या आवाजाची मीटिंग तासाला शंभर एमबीच्या आत बसते. कॅमेरा चालू केला की तासाला अर्धा ते दीड जीबी, चौकटी वाढल्या तर त्याहून जास्त. म्हणजे दीड जीबीच्या पॅकवर तासाभराचा एक व्हिडिओ क्लास झाला की त्या दिवसाचं भांडवल जवळपास संपलं. यूट्यूबवरचं लेक्चर ४८० पी वर लावा. फळ्यावरचं अक्षर त्यातही वाचता येतं आणि १०८० पी च्या मानाने डेटा बराच कमी जातो.

मग लॅपटॉपला आवरा

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज'मधून 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा. फोनच्या हॉटस्पॉटला एकदा जोडून घ्या (तो कसा लावायचा ते पुढे आहे), मग त्या वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जा. तिथे 'मीटर्ड कनेक्शन' नावाचं बटण आहे, ते चालू करा. या एका बटणाने मोठा फरक पडतो: विंडोजचे बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत, स्टोअरवरच्या अ‍ॅपचे अपडेट थांबतात, वनड्राइव्ह फायली चढवणं थांबवतो. विंडोज १० मध्येही हे बटण जवळपास याच ठिकाणी आहे.

एक मेख लक्षात ठेवा. हे बटण प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळं असतं. हॉटस्पॉटला 'मीटर्ड' केलं आणि उद्या फोन यूएसबी केबलने जोडला, तर लॅपटॉपच्या लेखी ते नवीन 'इथरनेट' कनेक्शन असतं आणि तिथलं बटण बंदच असतं. केबल लावल्यावर 'इथरनेट'मध्ये जाऊन ते पुन्हा चालू करावं लागतं. फोनवरचं हॉटस्पॉटचं नाव बदललं तरी तेच.

हे बटण फक्त मायक्रोसॉफ्टच्या घरातल्यांना आवरतं. बाहेरची सॉफ्टवेअर त्याकडे पाहतीलच असं नाही. गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, गेमचे लाँचर, अँटिव्हायरस यांना एकेक करून 'पॉज' करा. खालच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ वर तोंड केलेला छोटा बाण असतो. तो दाबला की कोण कोण गुपचूप चालू आहे ते दिसतं. नक्की कोण किती खातोय हे पाहायचं असेल तर 'नेटवर्क अँड इंटरनेट'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मध्ये 'डेटा युसेज' उघडा. अ‍ॅपनिहाय आकडे तिथे असतात आणि त्याच पानावर मर्यादाही घालता येते.

मॅकवर तेच काम 'लो डेटा मोड' करतो. वाय-फायच्या यादीत हॉटस्पॉटच्या नावापुढे 'डिटेल्स' दाबलं की सापडतो. आयक्लाउडवर फोटो चढत असतील तर तेही थांबवून ठेवा. उबुंटू वापरणाऱ्यांना नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड'ची खूण सापडेल. त्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज सहसा नसते.

केबल की हॉटस्पॉट?

जोडायच्या तऱ्हा तीन: यूएसबी केबल, वाय-फाय हॉटस्पॉट आणि ब्लूटूथ. ब्लूटूथ फार हळू, मेलपुरतं ठीक. त्यात फोनची बॅटरी कमी जाते एवढाच त्याचा गुण. त्याला इथेच सोडून देऊ.

उरलेल्या दोघांत शंभरातले नव्वद जण हॉटस्पॉट लावतात, कारण त्यात काही शोधावं लागत नाही. माझं मत केबलच्या बाजूने आहे. टेबलाशी बसून तासन् तास काम करायचं असेल तर केबल लावा. वेग स्थिर राहतो, शेजारच्या बारा राउटरच्या गर्दीशी झगडा नाही, पासवर्डची भानगड नाही, खोलीतला दुसरा कुणी हळूच जोडून घेईल ही भीती नाही, आणि फोन सोबत चार्जही होत राहतो. हॉटस्पॉट चालू ठेवलेला फोन दुपारपर्यंत अर्ध्यावर येतो आणि तापतो. केबलवरचा फोन त्या मानाने थंड असतो.

केबलने जोडणं असं:

१. फोनचा मोबाइल डेटा चालू करा, वाय-फाय बंद करा.
२. केबल आधी लावा. केबल लागल्याशिवाय पुढचं बटण फिकट दिसतं आणि दाबलं जात नाही.
३. अँड्रॉइडच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग', त्यात 'यूएसबी टेदरिंग' (टेदरिंग म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं). सॅमसंगमध्ये हेच 'कनेक्शन्स'खाली आहे. सापडलं नाही तर सेटिंगच्या शोधपट्टीत 'टेदर' लिहा, कोणत्याही कंपनीच्या फोनमध्ये पुढे येतं.
४. विंडोजच्या खालच्या पट्टीत पृथ्वीच्या गोळ्याऐवजी छोट्या स्क्रीनचं चिन्ह आलं की झालं.
५. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि 'इथरनेट'ला 'मीटर्ड' करा.

तिसऱ्या पायरीवर बटण फिकटच राहिलं तर दहापैकी आठ वेळा दोष केबलचा असतो. पॉवर बँक, हातातले पंखे, स्वस्त इअरबड यांच्यासोबत येणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, डेटा नेणाऱ्या तारा नसतातच. ओळखायची खूण सोपी: चांगली केबल लावली की लॅपटॉप एक आवाज करतो आणि फोनवर 'यूएसबीसाठी काय करायचं' अशा अर्थाची सूचना वरून उतरते. नुसत्या चार्जिंगच्या केबलला फोनवर विजेची खूण येते आणि बाकी सगळं गप्प. फोनच्या डब्यातली केबल चालते. नवी घ्यायची तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा आणि "डेटा केबल द्या, चार्जिंगवाली नको" असं स्पष्ट सांगा. जमलं तर तिथेच लॅपटॉपला लावून बघा.

केबल काढली की टेदरिंगचं बटण आपोआप बंद होतं, दर वेळी पुन्हा दाबावं लागतं. याचा वैताग आला तर फोनमधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारून 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडा. तिथे 'डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन'मध्ये 'यूएसबी टेदरिंग' निवडता येतं. त्या पानावरच्या बाकी कशाला हात लावू नका.

केबलचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडलेला असेल तर टेदरिंगमधून तेच वाय-फाय लॅपटॉपला जातं. म्हणजे लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बिघडलं, किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर वाय-फायचा ड्रायव्हर सापडत नाही आणि पुढे जायला तर नेट हवं, अशा पेचात फोनच वाय-फायचा ठोकळा बनून काम भागवतो. मोबाइल डेटा एक एमबीही जात नाही.

आयफोन असेल तर विंडोजवर केबल चालण्यासाठी आधी आयट्यून्स किंवा 'अ‍ॅपल डिव्हायसेस' हे अ‍ॅप टाकावं लागतं, मग फोनवर 'ट्रस्ट' दाबायचं. मॅकला यातलं काही लागत नाही. उलट अँड्रॉइड फोन आणि मॅक यांचं केबलवर बऱ्याचदा जमत नाही. तिथे वेळ न घालवता हॉटस्पॉट लावा. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर यूएसबी पोर्टच बंद करून ठेवलेले असतील तर आयटीवाल्यांशी हुज्जत घालू नका, तिथेही हॉटस्पॉटच.

हॉटस्पॉट लावताना

'हॉटस्पॉट अँड टेदरिंग'मध्येच वाय-फाय हॉटस्पॉट आहे. चालू करण्याआधी आत जाऊन तीन गोष्टी बदला.

पहिली, नाव. फोन कंपनीने दिलेलं नाव ठेवलं तर एकाच मजल्यावर त्याच नावाचे चार हॉटस्पॉट दिसतात. पुण्यात आल्यावर हॉटस्पॉटला पुणेरी पाटीचं नाव द्यायची सुरसुरी अनेकांना येते. पण वाय-फायच्या नावाला ३२ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक अक्षर, काना-मात्रा-वेलांटी सुटे मोजून, तीन बाइट घेतं. 'पासवर्ड मागू नये' एवढंही त्यात मावत नाही. शिवाय जुन्या लॅपटॉपवर देवनागरी नावाचे चौकोन दिसतात. रोमन लिपीत छोटं नाव ठेवा. आयफोनवर हॉटस्पॉटचं वेगळं नाव नसतं; 'जनरल'मधल्या 'अबाउट'मध्ये फोनचं नाव बदललं की तेच लागू होतं.

दुसरी, पासवर्ड. कमीत कमी आठ अक्षरं लागतात. मोबाइल नंबर, जन्मतारीख, एक ते आठ आकडे हे नकोत; खोलीतल्या चौघांना ते तोंडपाठ असतात. "दादा, पाच मिनिटं हॉटस्पॉट द्या ना" असं म्हणणाऱ्याला द्यायला हरकत नाही, पण त्याच्या फोनलाही हे घरचं वाय-फाय वाटतं आणि त्याचे फोटो तुमच्या कोट्यातून चढू लागतात. दिल्यानंतर पासवर्ड बदला. हॉटस्पॉट चालू असताना किती जण जोडलेत तो आकडा बहुतेक फोनवर दिसतो, अधूनमधून बघत जा.

तिसरी, बँड. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून पार होतो, पण सोसायटीतले सगळे राउटर तिथेच गर्दी करून असतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की दमतो. फोन आणि लॅपटॉप एकाच टेबलावर असतील तर ५ निवडा. लॅपटॉप जुना असेल आणि यादीत हॉटस्पॉट दिसतच नसेल तर २.४. आयफोनवर यासाठी 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' नावाचं बटण आहे, ते चालू केलं की तो २.४ वर येतो. आयफोनची आणखी एक खोड: लॅपटॉप जोडला जाईपर्यंत 'पर्सनल हॉटस्पॉट'चं पान उघडं ठेवा, फोन लॉक केला तर हॉटस्पॉट यादीतून गायब होतो.

फोन तापत असेल तर कव्हर काढा. फास्ट चार्जरवर लावून वर हॉटस्पॉट चालवणं हा फोन तापवायचा हमखास मार्ग आहे. उशीखाली तर मुळीच नको.

रेंज: पुण्यातली अडचण

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत भिंती जाड, खिडक्या लहान. आतल्या खोलीत दोन कांड्या, दारात आलं की चार. अशा ठिकाणी मी केबलचा आग्रह सोडतो. फोन खिडकीशी ठेवा, हॉटस्पॉट २.४ वर ठेवा आणि तुम्ही आत बसा. टॉवरपासून फोनपर्यंतचा प्रवास जास्त नाजूक असतो, फोनपासून लॅपटॉपपर्यंतचा सोपा. पावसाळ्यात खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवा, एवढं सांगायला नको.

खोलीत फाइव्ह-जीची रेंज काठावर असेल तर फोन सारखा फाइव्ह-जी आणि फोर-जी यांत उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला मीटिंग अडखळते. 'प्रिफर्ड नेटवर्क'मध्ये जाऊन फोर-जी निवडा. आकडा कमी दिसेल, पण काम सलग होईल. वेग मोजायची हौस असेल तर बेताने. फाइव्ह-जीवर एक स्पीड टेस्ट शेकडो एमबी खाऊ शकते.

खोली भाड्याने घेण्याआधीच आपल्या सिमची रेंज तिथे बघून घ्या, आणि ती दिवाणखान्यात नाही, जिथे टेबल ठेवणार त्या कोपऱ्यात. एकाच इमारतीत एका कंपनीचं नेट पळतं आणि दुसरीचं रांगतं असं सर्रास होतं. मालकांना विचारू नका, शेजारच्या खोलीतल्या मुलांना विचारा.

महावितरणची देखभालीची कामं पुण्यात बहुधा गुरुवारी असतात, त्यामुळे गुरुवारी सकाळी बऱ्याच भागांत वीज जाते. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे त्यांचेही राउटर तेव्हा मान टाकतात आणि सगळी सोसायटी मोबाइल नेटवर येते. बुधवारी रात्री फोन आणि लॅपटॉप दोन्ही पूर्ण चार्ज करून ठेवायची सवय इथे राहायला आलेल्याला लवकरच लागते. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता परिसरात राहत असाल तर फोनवर कांड्या पूर्ण दिसतील आणि नेट हलणार नाही. लाखो फोन एकाच वेळी तिथे असतात. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, तेव्हा सबमिशन वगैरे आदल्या दिवशी उरकून मोकळे व्हा.

मुंबईला डेक्कन क्वीनने किंवा प्रगतीने जाताना गाडीत काम करायचं असेल तर लोणावळ्याच्या आधी करा. पुढे कर्जत येईपर्यंत घाट आणि बोगदे. रेंज येते आणि जाते. फायली पुण्यातच उतरवून घ्या, घाटात त्या वाचा.

मुलाखत किंवा मीटिंग असेल तेव्हा

सर्वांत जास्त घात करते ती दुसरी सिम. बहुतेक ड्युअल सिम फोनमध्ये एका सिमवर कॉल चालू झाला की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. ऑनलाइन मुलाखत रंगात आलेली असते, घरून आई दुसऱ्या नंबरवर फोन करते, तुम्ही उचलता आणि समोरच्या साहेबांचा चेहरा गोठतो. मुलाखतीच्या वेळेपुरती दुसरी सिम सेटिंगमधून बंद करा. डेटाच्या सिमवर 'व्होल्टी' (फोर-जीवरूनच कॉल होण्याची सोय) चालू असल्याची खात्री करा. ते नसेल तर त्याच सिमवर कॉल आला तरी नेट तुटू शकतं. फोनवर अ‍ॅप अपडेट आणि फोटोंचं बॅकअप थांबवा. केबल लावलेली असेल तर ती हातापायांत येणार नाही अशी ठेवा. पोर्टमध्ये सैल बसणारी केबल असेल तर ती मुलाखतीला वापरूच नका.

ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित रस्ता) लागत असेल तर ते लॅपटॉपवर चालू करा. फोनवर लावलेलं व्हीपीएन साधारणपणे जोडलेल्या लॅपटॉपला मिळत नाही, त्यामुळे "फोनवर तर चालू आहे, मग साइट का उघडत नाही" हा प्रश्न पडतो.

तरीही चालत नसेल तर

लॅपटॉप जोडलेला दिसतो पण साइट उघडत नाही, तर आधी फोनवरच ब्राउझर उघडून बघा. फोनवरही उघडत नसेल तर लॅपटॉपशी खेळण्यात अर्थ नाही; विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद करा, कोटा तपासा.

फोनवर चालतं आणि लॅपटॉपवर नाही, तर लॅपटॉपवर ते नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडा. पासवर्ड बदलल्यावर हे करावंच लागतं. जुना लॅपटॉप पासवर्ड बरोबर असूनही नाही म्हणत असेल तर हॉटस्पॉटची सुरक्षा डब्ल्यूपीए-३ वरून डब्ल्यूपीए-२ वर आणा.

सिम नुकतंच पोर्ट केलं असेल आणि फोनवर नेट चालतं पण हॉटस्पॉटमधून पुढे जात नाही, तर एपीएन, म्हणजे सिमला कंपनीच्या नेटशी जोडणारं सेटिंग, बघा. जिओचं जिओनेट, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट, रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता. 'एपीएन टाइप'च्या रकान्यात स्वल्पविराम देऊन 'डन' हा शब्द, म्हणजे डी-यू-एन ही तीन रोमन अक्षरं, जोडल्यावर काही फोनमध्ये हॉटस्पॉट सुरू होतो. हात लावण्याआधी मूळ सेटिंगचा स्क्रीनशॉट घ्या.

पुढे कधी खोलीत ब्रॉडबँड आलं, तर त्याच दिवशी लॅपटॉपवर हॉटस्पॉटच्या नावापुढची 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'ची खूण काढून टाका. नाहीतर फोनचा हॉटस्पॉट चुकून चालू राहिलेला असेल आणि गुरुवारी वीज गेली, तर राउटर बंद पडताच लॅपटॉप काही न विचारता फोनवर जाऊन बसतो.